गजन पिन व पिस्टन बसवणे

अंतर्ज्वलन एंजिनाची फेरबांधणी करताना पिस्टन व कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) पोकळ पोलादी पिनेने, म्हणजे गजन पिनेने, जोडून सिलिंडरमध्ये उतरवण्याची क्रिया. परिभाषेत पिस्टनला दट्ट्या म्हणतात, गॅरेजात मात्र हा शब्द ऐकू येत नाही.

‘गजन’ हा मूळ इंग्रजी शब्द, जुन्या फ्रेंचमधील खुंटी या अर्थाच्या ‘गूजाँ’पासून सुमारे 1400च्या आसपास इंग्रजीत आलेला. ‘गूजाँ’ हे ‘गूज’ म्हणजे गोल पटाशी याचे लघुत्वदर्शक रूप असावे. त्याच नावाच्या माशाशी, पर्यायाने लॅटिन ‘गोबिओ’शी, लावलेला संबंध तितकासा पटत नाही. अमेरिकेत हीच ‘रिस्ट पिन’. पण वाफेच्या एंजिनांवरील लिखाणात क्रँकच्या पिनेलाही हे नाव दिलेले आढळते, तेव्हा जुने ग्रंथ जपून वाचावेत.

पिन दोन प्रकारे बसते. एकात ती रॉडच्या लहान टोकात घट्ट असते. ते टोक तापवून किंवा प्रेसने ती आत घालतात. दुसऱ्यात ती बुश (रॉडच्या लहान टोकातील नळीसारखे अस्तर) व पिस्टन दोन्हींत फिरती असून दोन्ही बाजूंना लॉक (पिनेला अडवणारी, तोंड उघडे असलेली तारेची कडी) असतात. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन 60 अंशांनी तापवल्यास 20 मिमीचे भोक सुमारे 0.025 मिमीने मोठे होते, आणि हातोडीने न जाणारी तेल लावलेली पिन अंगठ्याने सरकते. पिस्टन गरम पाण्यात बुडवणे त्यासाठी पुरते.

अनेक पिस्टनांत पिनेचे भोक मध्यापासून सुमारे एक मिलिमीटर बाजूला असते, म्हणजे वरच्या टोकाहून परतताना पिस्टन भिंतीवर आपटत नाही. उलटा बसवल्यास थंड एंजिन खडखडते. माथ्यावरील बाण बहुतेक मोटारींत एंजिनाच्या पुढच्या बाजूला, टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या बाजूला ठेवतात.

पिस्टनभोवतीच्या खाचांत बसणाऱ्या रिंगांची तोंडे, म्हणजे त्यांतील फटी, एका रेषेत ठेवत नाहीत. पट्ट्याने रिंगा आवळून हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन ढकलतात. तो अडला, तर रिंग बाहेर आली समजावे; ठोकू नये.

लॉकचे तोंड वर की खाली, याबाबत मते वेगळी आहेत. आडवे मात्र नको, कारण पिस्टनच्या हिसक्यांनी लॉक मिटून सुटू शकते. जुने लॉक पुन्हा वापरत नाहीत. मोटारसायकलीत हे काम एंजिनावरच चालते. निसटलेले लॉक क्रँककेसमध्ये (क्रँक असलेल्या खालच्या पेटीत) पडू नये म्हणून क्रँककेसच्या तोंडात आधी स्वच्छ फडके कोंबतात.