सिंड्रेलाच्या बहिणीचा अंगठा आधी कोणी कापला?

मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, ताईकडे होतो, भाचा लाकडी बैल सजवून बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघायच्या गडबडीत, आणि ताई मोबाइलवर 'द अग्ली स्टेपसिस्टर'चा ट्रेलर पाहून राहिली होती. २०२५ चा नॉर्वेजियन सिनेमा, दिग्दर्शिका एमिली ब्लिकफेल्ट, सिंड्रेलाचीच गोष्ट पण सावत्र बहिणीच्या बाजूनं, ज्यात ती पोरगी बुटात पाय बसावा म्हणून स्वतःच्या पायाची बोटं तोडते. ताईनं फोन उलटा ठेवला न म्हणाली, "काऊन रे असं करून राहिले हे लोक, किती गोड गोष्ट होती ती." तेव्हा तिला जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितो, कारण हा गैरसमज फार जणांचा आहे की गोष्टी मुळात गोड होत्या आणि सिनेमावाल्यांनी त्यात रक्त ओतलं.

बोटं कापणं सिनेमावाल्यांचं नाहीच. जर्मनीतल्या ग्रिम भावांचा गोष्टींचा पहिला खंड १८१२ साली निघाला, त्यातल्या सिंड्रेलात आईच पोरींच्या हातात सुरी देते, काप म्हणते, न् १८१९ च्या आवृत्तीत वर सांगते, एकदा राणी झालीस की पायी चालायचं काम काय. एकीचा अंगठा जातो, दुसरीची टाच. आणि त्याच आवृत्तीत शेवटी कबुतरं दोघी बहिणींचे डोळे फोडतात हेही आलं, म्हणजे पुस्तक जसजसं मुलांचं होत गेलं तसतशी ही शिक्षा वाढली, कमी नाही झाली! कमी काय झालं, तर रापुन्झेल भोळेपणानं विचारते की माझे कपडे घट्ट काऊन होऊन राहिले, ते वाक्य उडालं, कारण त्यातून तिला दिवस गेल्याचं कळत होतं. पोरं खाटीक-खाटीक खेळतात आणि खरंच एकाचा गळा कापतात अशी एक गोष्टही पहिल्या आवृत्तीनंतर काढून टाकली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा बदल वाटतो तो आईचा. १८१२ च्या स्नोव्हाइटमध्ये पोरीचं यकृत-फुप्फुस आणून दे म्हणणारी राणी तिची सख्खी आई आहे, सावत्र नाही. १८१९ ला ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडून या म्हणणारी बाईही आधी सख्खी आईच, ती १८४० च्या आवृत्तीत सावत्र केली. विल्हेल्म ग्रिम प्रत्येक आवृत्तीला हात फिरवत गेला, शेवटची १८५७ ची, आणि मध्ये १८२५ ला निवडक पन्नास गोष्टींचं छोटं सचित्र पुस्तक काढलं जे घराघरात गेलं. सख्खी आई असं करू शकते हे घरात वाचायला जड जात असणार. पण हॅन्सेलची गोष्ट सुरूच होते उपासमारीनं, घरात भाकर नाही, चार तोंडं आहेत. आपल्या विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. चेटकिणीचं पाव न् साखरेचं घर हे उपाशी पोरांचं स्वप्न आहे, आणि त्या घरात त्यांनाच शिजवून खायचा बेत चाललेला असतो, ही एवढी भीती त्या गोष्टीत आधीपासून होती.

ग्रिमच्याही मागं जा. फ्रान्सात चौदाव्या लुईच्या काळात, १६९७ ला, शार्ल पेरोनं लिहिलेल्या लाल टोपीवालीच्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, शिकारी वगैरे कोणी येत नाही. त्याच्याही आधी नेपल्सचा लेखक बासिले, ज्याचं पुस्तक तो मेल्यावर त्याच्या बहिणीनं १६३४ ते ३६ मध्ये छापलं, त्याच्यातली सिंड्रेला पहिल्या सावत्र आईची मान पेटीच्या झाकणाखाली मोडून टाकते. हे सगळं मोठ्या माणसांसमोर वाचायचं साहित्य होतं.

मग गोड कधी झालं? आपल्या डोक्यात जे चित्र आहे ते बहुतेक डिस्नेचं, १९३७ च्या स्नोव्हाइटचं. मूळ गोष्टीत राणीला लग्नात तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, डिस्नेनं तिला कड्यावरून पाडलं न् विषय मिटवला. तरी ब्रिटनच्या सेन्सॉरनं त्याला 'ए' सर्टिफिकेट दिलं होतं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्या माणसासोबतच पाहायचा.

खरी माणसं घेऊन अंधाऱ्या गोष्टी करायचं तसं जुनंच आहे, चेकोस्लोव्हाकियात युराय हर्झनं १९७८ ला 'ब्यूटी अँड द बीस्ट' अगदी भयपटासारखा केला, १९८४ ला नील जॉर्डननं अँजेला कार्टरच्या लिखाणावरून 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' केला, १९९७ ला 'स्नोव्हाइट: अ टेल ऑफ टेरर'मध्ये सिगोर्नी वीव्हर दुष्ट सावत्र आई झाली. पण लाट आली ती २०१० नंतर, टिम बर्टनच्या अ‍ॅलिसनं जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर कमावले आणि सगळ्या स्टुडिओंना कळलं की या गोष्टींना हक्काचे पैसेही द्यावे लागत नाहीत न् नावं सगळ्यांना पाठ आहेत. मग २०११ ला रेड रायडिंग हूड, २०१२ ला स्नोव्हाइट चिलखत घालून, २०१३ ला हॅन्सेल-ग्रेटेल बंदुका घेऊन. हक्काचा मुद्दा किती मोठा आहे ते विनी द पू या पोरांच्या गोष्टीतल्या अस्वलावरून कळते, १९२६ चं पुस्तक १ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत सगळ्यांसाठी मोकळं झालं आणि २०२३ ला त्याच पूचा खुनी अस्वल करून सिनेमा थिएटरात.

यातले सगळे मला चालत नाहीत. बंदुकवाल्या हॅन्सेल-ग्रेटेलमध्ये रक्त भरपूर आहे पण भूक नाही, आणि भूक काढली तर त्या गोष्टीत राहतं काय? पूच्या सिनेमात तर नुसतं नाव वापरलंय. उलट मात्तेओ गार्रोनेचा २०१५ चा 'टेल ऑफ टेल्स' पाहा, बासिलेवरच आहे, मूल हवं म्हणून राणी समुद्रातल्या राक्षसाचं काळीज खात बसलेली, ते पाहताना किळस येण्याआधी त्या बाईचं दुःख लागतं. अग्ली स्टेपसिस्टरही त्याच जातीचा. मुलगी पाहायला येणार म्हटल्यावर घरात काय काय बोललं जाते, रंग, उंची, वजन, ते ज्यानं ऐकलंय त्याला ती सुरी कुठून आली हे कळेल.

आणि ताईला मी एक आठवण करून दिली, त्याच दिवशी सकाळी आपण भाच्याला खांद्यावर घेऊन नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे मिरवणुकीतला राक्षसिणीचा मोठा पुतळा, पाहायला उभे होतो ना. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. काळीला आपल्याकडं पूतना म्हणतात, कृष्णाला विषाचं दूध पाजायला आलेली. पूर्ण गाव "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" ओरडत तिला वेशीबाहेर नेऊन जाळते, आणि संध्याकाळी तेच पोट्टे बैल घेऊन घरोघरी. भाचा रात्री मस्त झोपला. म्हणून त्याला हे सिनेमे दाखवा असं मी बिलकुल म्हणत नाही, ते मोठ्यांसाठीच आहेत, पण गोष्टीतली चेटकीण मरताना पाहणं आपल्या पोरांना नवीन नाही.

आपल्याकडं असं काम झालंही आहे. 'तुंबाड'चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे सांगतो की नारायण धारपांची गोष्ट त्याला १९९३ ला मित्रानं नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती, नागझिरा म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडचंच. सिनेमा आला २०१८ ला, इतकी वर्षं ती भीती त्याच्यासोबत राहिली. मला तर चिऊताईच्या गोष्टीवर कोणी सिनेमा करावा असं फार वाटते. काऊचं घर शेणाचं, वाहून गेलेलं, बाहेर धो धो पाऊस, तो दाराशी उभा राहून "चिऊताई चिऊताई दार उघड" म्हणून राहिला, आणि आत ती बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते, काजळ लावते, थांब म्हणते, पुन्हा थांब म्हणते, दार काही उघडत नाही. इकडच्या कोणी पोरानं मनावर घेतलं तर पहिल्या दिवशीचा पहिला शो माझा.