भिंत गेली, आता जेवणाचं टेबल कुठे?

मुंबईतल्या अनेक नव्या घरांत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नसते. जुन्या घरांतही दुरुस्ती काढली की ती पाडली जाते. घर मोकळं वाटतं, ओट्यापाशी उभं असलेलं माणूस गप्पांत राहतं, आणि मला हे मनापासून आवडतं. पण ती भिंत आवाज अडवत होती, फोडणीचा खकाणा अडवत होती. तिची ही कामं आता टेबलाभोवतीच्या मांडणीनं करायची आहेत, आणि आपण मात्र मापाची टेप घेऊन फक्त टेबल बसतंय का ते बघतो.

समजा हॉल 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 2.8 मीटर उंच आहे. खाली विट्रिफाइड टाइल्स, भिंतींना प्लास्टर, समोर काचेची स्लायडिंग खिडकी. यातलं काहीच आवाज फारसं शोषत नाही. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे अशीच अडचण आली. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात आवाज इतका घुमायचा, की वक्त्याचं बोलणं कळत नसे. सॅबिन रात्री रस्ते शांत झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून ठेवत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यातून साधं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण (भिंती, छत, जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले त्यांत शोषला जाणारा भाग), गुणिले 0.161. आपला रिकामा हॉल पडलेल्या आवाजातला शंभरात पाचच भाग शोषतो असं धरलं, तर आवाज 60 डेसिबलनं उतरायला, म्हणजे जवळजवळ विरून जायला, 1.9 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण सात-आठ अक्षरं बोलून गेलेलो असतो आणि ती सगळी एकमेकांवर चढतात.

अशा हॉलमध्ये मिक्सरपासून जेमतेम फूटभर अंतरापलीकडे थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज वरचढ होतो. म्हणजे गोंगाट टाळायला टेबल दोन मीटर लांब सरकवून फारसं काही हाती लागत नाही. फरक पडतो तो मऊ वस्तूंनी. चुण्यांचे जाड पडदे, कापडी सोफा आणि घरातली चार माणसं धरली, की आवाज विरायचा तोच 1.9 सेकंदांचा काळ पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. पडदे धुता येण्यासारखे घ्यावेत, कारण इथल्या पावसाळ्यात जड कापडाला बुरशी लवकर धरते. टेबलावर जाडसर कापड अंथरलं तर स्टीलच्या ताट-वाट्यांचा खणखणाटही मुळातच कमी होतो.

हे मी इतकं लावून धरतो, ते घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. वयानुसार आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि 'स', 'त', 'क' ही व्यंजनं ओळखू येतात ती त्याच पट्टीमुळे. त्यात गोंगाट झाला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 साली दाखवून दिलं होतं. सगळेच मोठ्यानं बोलू लागतात आणि आजी दोनदा "काय म्हणालास?" विचारून मग नुसती जेवत राहते.

उजेडाचं गणित उलटं आहे. तिथे अंतरच सगळं ठरवतं. छताला लावलेला छोटा दिवा टेबलापासून दोन मीटर वर असतो. तोच टेबलावर 70 सेंटीमीटर उंचीला टांगला, तर ताटावरचा उजेड आठपट होतो. 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवा घेतला, की बाकी हॉल मंद ठेवूनही जेवायची जागा वेगळी उठून दिसते. फक्त तो पंख्याखाली टांगू नका, नाहीतर वाऱ्यानं झुलेल. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा असेल तर सावल्या ताटावर सारख्या लपलपतात.

वाऱ्याचंही बघावं. दुपारी मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. ओटा त्या बाजूला असेल तर वास टेबलावरून सोफ्यापर्यंत जाणार. मग चिमणीचा पाइप बाहेर काढणं भागच आहे. पाडलेल्या भिंतीच्या जागी वर बीम राहिला असेल तर तो उपयोगी पडतो, कारण गरम धूर छताला लागून सरकतो आणि बीमपाशी अडतो. (भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. जुन्या इमारतींत अशा भिंतीवर वरच्या मजल्याचा भार असू शकतो.)

मापं शेवटी. माणशी 60 सेंटीमीटर कड आणि खुर्चीमागून कोणी वाढायला जाणार असेल तर 90 सेंटीमीटर वाट. तीन मीटर रुंदीच्या हॉलमध्ये हे जमवायचं तर टेबलाची एक बाजू भिंतीला टेकवावी आणि पाहुणे आले की ओढून घ्यावं.