माकिशी आणि न्याउ: सोंगं सारखी, नाटक वेगळं

झांबियातल्या मुखवटेवाल्या नर्तकांच्या फोटोखाली माकिशी आणि न्याउ ही नावं सर्रास अदलाबदल होऊन छापली जातात. घोटाळा साहजिक आहे. दोन्हीकडे नाचणारे पुरुषच, बायकांची सोंगंही तेच घेतात, आत कोण आहे हे उघड बोलायचं नाही. युनेस्कोच्या यादीतही दोन्ही परंपरा २००८ सालीच आल्या. फरक ओळखायचा तर पेहरावाकडे बघावं. अंगभर घट्ट विणलेला पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख बहुधा माकिशीचा. चिंध्या, पिसं आणि चिखलानं माखलेलं अंग न्याउचं.

माकिशी पश्चिम आणि वायव्य झांबियातल्या लुवाले, चोक्वे, लुचाझी, म्बुंदा लोकांचे. त्यांचं नाटक मुकांदा या विधीला बांधलेलं. पावसाळा सरला की आठ ते बारा वर्षांची मुलं घर सोडून रानातल्या तळावर जातात आणि एक ते तीन महिने तिथंच राहतात. घर सोडलं तेव्हाच त्यांचं लहानपण मेलं, असं धरतात. तळावर सुंता होते, धीराची परीक्षा होते, पुढे नवरा म्हणून कसं वागायचं तेही शिकवतात. प्रत्येक मुलाला एक मुखवटेधारी पात्र नेमून दिलेलं असतं, ते विधी संपेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. मुपाला हा तळाचा धनी आणि राखणदार. प्वेवो ही आदर्श स्त्री, गाण्याबजावण्याचं तिच्याकडे. अखेरीस सगळा गाव जमतो, माकिशी नाचतात, मूकनाट्य करतात, आणि मुलं पुरुष होऊन परततात. कथानक एकच, नायक तो मुलगा.

न्याउला असं एक कथानक नाही. पूर्व झांबिया, मलावी आणि मोझांबिकमधल्या चेवा लोकांत दीक्षा घेतलेल्या पुरुषांची ही गुप्त मंडळी. तिचा नाच म्हणजे गुले वाम्कुलु. मुलं वयात येण्याचा विधी असो, लग्न असो, मयत असो, मंडळी हजर. सोंगं तरी किती: रानटी जनावरं, मेलेल्यांचे आत्मे, गुलामांचे व्यापारी, अलीकडे मोटारसायकल आणि हेलिकॉप्टरसुद्धा! पात्रं बहुतेक वाईट चालीची, कारण कसं वागू नये हेच दाखवायचं असतं.

मला यातली खरी गंमत लग्नाशी जोडलेली वाटते. चेवांचा वंश आईकडून चालतो. रीतीप्रमाणे नवरा बायकोच्या गावी राहायला जायचा आणि तिथं त्याला फारसं कुणी विचारायचं नाही. मंडळीत मात्र गावोगावचे असे पुरुष एक व्हायचे, आणि घरात ज्याचं चालत नसे तोच मुखवटा चढवून मैदानात सगळ्यांना पळवायचा. मिशनऱ्यांनी हा नाच बंद पाडायची खटपट केली. नाच टिकला, आणि लाल तोंडाचा गोरा साहेब ‘सिमोनी’ होऊन त्याच्याच सोंगांत सामील झाला.