नवं नाव, जुनी चिप की जुनं नाव, वेगळं कार्ड: खिसा कशात कापला जातो?

ग्राफिक्स कार्डांची नवी मालिका आली की ओरड ठरलेली: 'चिप तीच, नुसतं बारसं नवं.' बऱ्याचदा ती खरीही असते. पण या ओरडीत आणखी एक भानगड मिसळली जाते, जी नेमकी उलटी आहे: नाव तेच आणि आतला माल निराळा. लोक दोन्हींना सरसकट 'रीब्रँड' म्हणतात. माझ्या मते बोंब पहिल्याची जास्त होते आणि खिसा दुसऱ्यात जास्त कापला जातो.

पहिल्या प्रकाराचा गाजलेला मासला म्हणजे एनव्हिडिया कंपनीची जी९२ चिप. डिसेंबर २००७ मध्ये ती १२८ शेडर (चिपमधले चित्राचं गणित करणारे छोटे भाग) घेऊन '८८०० जीटीएस ५१२' म्हणून आली. एप्रिल २००८ मध्ये क्लॉक, म्हणजे चिपचा चालण्याचा वेग, ६५० वरून ६७५ मेगाहर्ट्झ झाला आणि नाव थेट '९८०० जीटीएक्स'. मग तीच ६५ ऐवजी ५५ नॅनोमीटरवर, म्हणजे आणखी बारीक घडणीत बनवली, क्लॉक ७३८ वर नेला, नाव '९८०० जीटीएक्स प्लस'. मार्च २००९ मध्ये पुन्हा तीच, आता 'जीटीएस २५०'. सव्वा वर्षात चार नावं. यातलं शेवटचं सगळ्यात खोडसाळ. जीटीएक्स २६० आणि २८० ही खरोखरच्या नव्या चिपची कार्डं तोवर बाजारात होती, त्यामुळे २५० हे त्यांचंच धाकटं भावंड वाटायचं. प्रत्यक्षात ते आधीच्या पिढीतलं.

तिची स्पर्धक एएमडीही धुतल्या तांदळाची नाही. जानेवारी २०१२ मध्ये एचडी ७९७० आलं ५४९ डॉलरला. ऑक्टोबर २०१३ मध्ये आर९ २८०एक्स आलं: तीच ताहिती चिप, तेच २०४८ शेडर, तीच ३ जीबी मेमरी, क्लॉक थोडा चढा. किंमत मात्र २९९. आता ज्याच्याकडे ७९७० नव्हतं त्याचं यात काय बिघडलं? निम्म्याच्या जवळपास पैशांत दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीचं सगळ्यात वरचं कार्ड मिळालं, आणि ७९७० चे जुने रिव्ह्यू वाचून ते कसं चालेल याचा बऱ्यापैकी अंदाजही घेता आला. किंमत वयाला साजेशी उतरली असेल तर नाव काहीही ठेवा, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती रिव्ह्यूच्या आलेखात न दिसणाऱ्या खर्चाची. २०१५ चं आर७ ३७० घ्या. आत पिटकेर्न, म्हणजे २०१२ च्या एचडी ७८५० ची चिप. तोवर फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवून चित्र फाटू न देणारी सोय) आलं होतं, एएमडी त्याचा डांगोराही पिटत होती, आणि गेमसाठी ते ३७० वर चालत नव्हतं. त्याच्या खालच्या स्वस्त आर७ ३६० वर चालायचं, कारण त्यातली चिप पिटकेर्ननंतरची. मोठा आकडा घेणाऱ्याला सोय कमी! पुढे जून २०२१ मध्ये एएमडीने त्या काळच्या चिपना नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं थांबवलं, तेव्हा २०१२ मध्ये घेतलेलं ७८५० आणि २०१५ मध्ये घेतलेलं ३७० एकाच दिवशी म्हातारं झालं. ड्रायव्हरचं आयुष्य चिप जन्मली तेव्हापासून मोजतात, तुमच्या बिलावरच्या तारखेपासून नाही.

आता दुसरा प्रकार. इथे रिव्ह्यू एका कार्डाचे असतात आणि हातात पडतं दुसरं.

जीटी १०३० मे २०१७ मध्ये जीडीडीआर५ या वेगवान मेमरीसह आलं. साधं, विजेला काटकसरी कार्ड, रिव्ह्यूही बरे. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ या संथ मेमरीवालं आलं. चिप तीच, ३८४ शेडर तेच, पण मेमरीची बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ वर. बऱ्याच गेम्समध्ये वेग निम्म्यावर येतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दोन्ही खोकी शेजारी ठेवली तरी फरक चटकन दिसत नाही. गिगाबाइटच्या खोक्यावर तो मॉडेल नंबरात सापडतो: एकावर 'एन१०३०डी५', दुसऱ्यावर 'एन१०३०डी४'. शेवटच्या त्या एका आकड्यावर सगळा खेळ. दुकानदार 'दोन जीबी आहे ना साहेब' म्हणतो, ते खोटं नसतं; मेमरी दोन्हींत तेवढीच.

जीटीएक्स १०६० चंही तसंच. ३ जीबी आणि ६ जीबी म्हटल्यावर फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ३ जीबीवाल्यात शेडरही ११५२ होते, दुसऱ्यात १२८०. चीनसाठी २०१८ मध्ये आलेलं 'आरएक्स ५८० २०४८एसपी' तर दोन्ही प्रकारांचा संगम. मूळ ५८० हे २०१६ च्या ४८० चं जास्त वीज खाणारं, थोडं वेगवान रूप, तिथवर पहिला प्रकार. मग त्याच नावाखाली ५७० इतके शेडर दिले, हा दुसरा. ऑनलाइन एखादं ५८० संशयास्पद स्वस्त दिसलं तर शेडर २३०४ आहेत ना, एवढं आधी विचारा. लॅपटॉपबद्दल फार बोलत नाही. आरटीएक्स ४०९० डेस्कटॉपमध्ये १६,३८४ शेडरचं आहे आणि लॅपटॉपमध्ये ९,७२८ चं, यातच काय ते आलं.

एकदा मात्र ओरडीचा उपयोग झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने दोन आरटीएक्स ४०८० जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी. चिपच वेगळ्या, शेडर ९,७२८ आणि ७,६८०. गदारोळ झाला, ऑक्टोबरमध्ये १२ जीबीवालं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच '४०७० टीआय' म्हणून आलं, ८९९ ऐवजी ७९९ डॉलरला. म्हणजे इथे नाव बदलणं हाच इलाज ठरला.

घेताना तपासायचं तेही वेगवेगळं. पहिल्या प्रकारात चिपचं नाव आणि ती पहिल्यांदा कधी आली हे बघायचं. दुसऱ्यात शेडर, मेमरीचा प्रकार आणि बसची (चिप ते मेमरी या वाटेची) बिटमधली रुंदी. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर यातलं बहुतेक सगळं पहिल्याच पानावर दाखवतं. पण ते कार्ड बसवल्यावर, त्यामुळे विकत घेण्याआधी मॉडेल नंबर उत्पादकाच्या पानावर ताडून बघणं आलंच.

लॅमिंग्टन रोडवर कोणी बजेटमध्ये जीटी ७३० दाखवलं, तर विशेष जपा. २०१४ च्या या एका नावाखाली निदान तीन कार्डं विकली गेली. त्यातल्या एकात ९६ शेडरची, फर्मी या जुन्या पिढीतली चिप आहे, जी २०१० मध्ये जीटी ४३० मध्ये होती आणि जिचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले. बाकीच्यांत ३८४ शेडरची, फर्मीनंतरच्या केप्लर पिढीतली चिप, तिला २०२१ पर्यंत ते मिळाले. गंमत अशी की जुन्या फर्मीवाल्याच्या खोक्यावर '१२८ बिट' असतं आणि केप्लरवाल्यांवर '६४ बिट'. कधी फर्मीवाल्यावर '४ जीबी'ही असतं. मोठे आकडे बघून उचलणारा हमखास तेच उचलतो.