हस्की जन्मतःच मॅरेथॉनवाला नसतो

गोव्यात हल्ली हस्की पाळायचं फॅड आलंय. पणजीत, पर्वरीत फ्लॅटच्या बाल्कनीत निळ्या डोळ्यांचा कुत्रा जीभ बाहेर काढून बसलेला दिसतो आणि मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे हा बर्फातला कुत्रा, दिवसाला शंभर किलोमीटर पळतो, रक्तातच आहे त्याच्या!" आणि मग एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्याला मिरामारला पळवायला नेतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, म्हणजे जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ होऊन जायला हवं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तीच वाफ होत नाही. अंगाचं तापमान 41च्या वर गेलं की जिवावर बेततं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणाला उत्साह यायला नको.

आता त्या 'रक्तातच आहे'बद्दल. अर्धं खरं आहे. अलास्कातली इडिटारॉड ही कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, शर्यत 1973 पासून चालू आहे, अँकरेजपासून नोमपर्यंत साधारण 1,600 किलोमीटर, आणि 2017 साली, जेव्हा ती फेअरबँक्सपासून निघाली होती, मिच सीव्हीने ती 8 दिवस 3 तासांच्या आसपास संपवली. एका मिनिटात किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरता येतो हे मोजलं तर माणसातले अगदी टॉपचे लोक 80-90 पर्यंत जातात, तयारीतला स्लेज डॉग 200च्या आसपास. यात जातीचा वाटा आहेच. (शर्यतीत असतो तो बहुतेक अलास्कन हस्की, शोमधला देखणा सायबेरियन नव्हे, वीस-पंचवीस किलोचा सडपातळ कुत्रा.) पण तोच कुत्रा उन्हाळाभर आराम करून उठला की त्याला कोणी लगेच शंभर किलोमीटर पळवत नाही.

ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आधी सुरुवात होते. स्लेजऐवजी एटीव्ही, म्हणजे मोठ्या टायरची चार चाकांची बाइक, तिला कुत्रे जुंपायचे आणि पहाटेच्या गारव्यात तीन ते पाच किलोमीटर, बस. वेगही मुद्दाम कमी, दुडक्या चालीचा, कारण गाडी गिअरमध्ये ठेवून मशर, म्हणजे टीम हाकणारा, त्यांना दाबून धरतो. मग हळूहळू दहा, वीस, चाळीस, आणि थंडी वाढली की पाच-सहा तास पळ, तेवढीच विश्रांती, परत पळ, असं चक्र. मार्चमधल्या शर्यतीपर्यंत प्रत्येक कुत्र्याच्या पायाखालून दोन-तीन हजार किलोमीटर गेलेले असतात.

या काळात आत काय होतं तो माझा आवडता भाग. स्नायूत दोन प्रकारचं इंधन, ग्लायकोजेन आणि चरबी. ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ही सकाळी पोदेर आणून देतो तो पाव, ताजा, लगेच खायला तयार पण थोडाच. चरबी म्हणजे पुरुमेंत, पावसाळ्यासाठी भरपूर भरून ठेवलेलं, पण काढून शिजवायला वेळ लागतो. माणूस मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळतो तो बहुतेकदा ग्लायकोजेन संपत आल्यामुळे. चरबी जाळायची तर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या बारीक भट्ट्या, हवेत, आणि ते ट्रेनिंगनेच वाढतात. बराच वेळ पळालं की पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं तयार ऊर्जेचं चलन, खर्च होऊन त्याचा उरलेला भाग, एएमपी, साठतो, त्याने एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, ते पीजीसी-1 अल्फा या प्रोटीनला चालना देतं, आणि ते केंद्रकातली जनुकं चालू करून नवे मायटोकॉन्ड्रिया बांधायला लावतं. शिवाय बारीक केशवाहिन्या वाढतात, हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो.

आणि मग एक कोडं. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकेल डेव्हिस यांच्या टीमने तयारीतल्या कुत्र्यांना लागोपाठ चार-पाच दिवस रोज दीडशे किलोमीटरच्या आसपास पळवून स्नायूचे बारीक तुकडे तपासले. पहिल्या दिवशी ग्लायकोजेन जोरात घसरलं, अपेक्षेप्रमाणे. पण पुढच्या दिवसांत तेवढंच अंतर पळूनही ते घटायच्या ऐवजी परत भरायला लागलं! खाणं तर चरबीचं, दिवसाला दहा-बारा हजार कॅलरी, कार्बोहायड्रेट त्यात फार नाहीच. म्हणजे पळता पळता शरीराने आपला हिशेब बदलला. नंतरच्या मोजणीत दिसलं की गोष्ट 'साखर बंद, चरबी चालू' इतकी सोपी नाही, चरबी फुटली की तीन फॅटी अ‍ॅसिड आणि एक ग्लिसेरॉल सुटतं, आणि त्या ग्लिसेरॉलपासून यकृत नवा ग्लुकोज बनवतं. म्हणजे चरबीतूनच साखरही येते. हे सगळं जमतं ते फक्त आधी महिनोन्‌महिने पळवलेल्या कुत्र्याला, बिनतयारीच्या कुत्र्याचे स्नायू अशा पळण्यात फुटायला लागतात आणि त्यातलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रोटीन, किडनीवर जाऊन बसतं.

त्यामुळे दुकानात कुत्र्यांसाठी म्हणून 'स्टॅमिना बूस्टर' पावडर मिळते ती बघितली की हसू येतं, मायटोकॉन्ड्रिया डब्यातून येत नाहीत. दिष्ट लागू नये म्हणून कुत्र्याच्या पायाला काळा दोरा बांधणारेही बघितलेत, तो दोरा घट्ट झाला तर पाय सुजतो एवढाच त्याचा परिणाम.

मग तयारी एवढी हळू का? हृदय, रक्त, स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, आणि हाडं मागे राहतात, टेंडनला रक्तपुरवठाच कमी. म्हणजे इंजिन तयार आणि सांधे अजून कच्चे, असे मधले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, कारण कुत्र्याला पळायची खुमखुमी आलेली असते आणि तो स्वतःहून थांबत नाही. वास्कोच्या डिसेंबरातल्या रिव्हर मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात जागे होणारे आपले लोक नडगी धरून बसतात त्याचं कारणही हेच. कुत्र्यांचं मात्र बहुतेक पुढच्या पायाचं मनगट आणि खांदा जातो. म्हणून मशर प्रत्येक थांब्यावर आधी कुत्र्यांचे बूट काढून एकेक पंजा, बोटांच्या मधली कातडी, मनगट दाबून बघतो, सुजलं असेल तिथे मलम चोळून पट्टी गुंडाळतो, आणि स्वतःचं जेवण त्यानंतर. वाटेत एखादा लंगडला तर त्याला स्लेजवरच्या पिशवीत घालून पुढच्या चेकपॉइंटला व्हेटकडे सोडायचं, आणि एकदा सोडलेला कुत्रा त्या शर्यतीत परत घेता येत नाही, बदलीही मिळत नाही.