घोडा केकाटत नाही

कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला की अख्ख्या गल्लीला कळतं. घोड्याचं तसं नाही. तो मुळात शिकार होणारा प्राणी, कळपात जो लंगडतो त्यालाच लांडगा आधी हेरणार, त्यामुळे दुखणं झाकायची सवय हाडीमाशी खिळलेली. त्यात माणूस दिसला की तो अजूनच सावरून उभा राहतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या घोड्यांचं कॅमेऱ्याने शूटिंग केलं, त्यात दिसलं की कोणी जवळ आलं की त्यांची चुळबुळ एकदम कमी होते (हा अभ्यास २०२०चा). म्हणजे आपण बघायला जातो नेमकं तेव्हाच काही दिसत नाही! म्हणून आधी लांबून, आडोशाला उभं राहून पाच-दहा मिनिटं नुसतं बघा.

काय बघायचं? चेहरा. २०१४ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी खच्चीकरणाच्या ऑपरेशननंतरचे घोड्यांचे चेहरे तपासून 'हॉर्स ग्रिमेस स्केल', म्हणजे चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टी, बनवली. कान, डोळा, डोळ्यावरचा भाग, जबडा, तोंड-हनुवटी, नाकपुड्या, प्रत्येकाला ० ते २ मार्क, टोटल १२. मला विचाराल तर डोळ्यावर नजर ठेवा, पापणी अर्धवट मिटलेली आणि वरचं हाड उठून दिसायला लागलेलं. ओठ आवळलेले, हनुवटी ताणलेली. नुसते कान मागे गेले म्हणून घाबरू नका, ते रागानेही जातात. माथेरानला दस्तुरीला घोडा ठरवताना रेट विचारायच्या आधी एकदा तोंडाकडे बघायला काय हरकत आहे?

पोटशूळाचं मात्र वेगळं, तिथे वेळ घालवून चालत नाही. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, खाणं सोडतो, सारखा लोळतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे तुंबलं ते वरून बाहेर यायला वाटच नाही, जठर फुटूही शकतं. अशा वेळी बाटलीने तेल पाजायचा मोह होतो, पण ते फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट, डॉक्टर नाकातून नळी घालतात ते उगाच नाही. घरात उरलेलं पेनकिलरही मनाने देऊ नका, लक्षणं झाकली जातात आणि डॉक्टरला अंदाज येत नाही.

डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घ्या आणि जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून नाडी बघा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६०च्या वर गेली असेल तर फोनवर पहिला हाच आकडा सांगा.