मृत्यूनोंद (सोलापूर जिल्हा)

व्यक्तीच्या मृत्यूची सरकारी नोंदवहीतील नोंद व तिच्यावरून मिळणारा उतारा. बोलीत ‘मयताचा दाखला’. सोलापूर शहरात ही नोंद महानगरपालिका ठेवते (नगरपालिका 1852, महानगरपालिका 1964), खेड्यांत ग्रामपंचायत.

जन्ममृत्यूच्या जुन्या गाववह्यांना ‘कोतवाल बुक’ म्हणतात. महसुली दप्तरात गाव नमुना नं. 14. कोतवाल हा शब्द संस्कृत ‘कोट्टपाल’वरून फारसीमार्गे आला असे सामान्यतः मानतात. तुर्की मूळ मानणारेही आहेत. पण कोट्टपाल ध्वनी व अर्थ या दोन्ही अंगांनी सरळ बसतो. अडचण वेगळीच आहे. पूर्वीचा कोतवाल म्हणजे किल्ल्याचा वा शहराचा अधिकारी. गावकामगार या अर्थाने हे पद 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने (वंशपरंपरागत गावचाकरीचे हक्क) गेल्यावर रुजले. त्यामुळे वह्या जुन्या आणि नाव मागाहून चिकटलेले, हेच अधिक संभवते. वह्यांचा आरंभ स्थूलमानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरावा. नोंदी पुष्कळदा मोडीत असून मृत्यूचे कारण ताप, पटकी, देवी, हगवण अशा मोजक्या सदरांत बसवलेले असते. जातीचा उल्लेख असल्याने न्या. संदीप शिंदे समितीच्या (2023) मराठ्यांच्या कुणबी नोंदींच्या शोधात याच वह्या पुन्हा उघडल्या गेल्या.

सध्याची नोंद 1969 च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यानुसार होते. मुदत 21 दिवस. वर्ष उलटल्यास पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, ऑक्टोबर 2023 पासून जिल्हा, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा लागतो. नोंद मृत्यूच्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. कर्नाटकातील आळंद, इंडीकडून सोलापूरच्या दवाखान्यात आणलेला रुग्ण इथेच दगावला, तर माती गावाकडे होते, पण दाखला सोलापूरच्याच नोंदीवरून मिळतो.

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकत्र नांदणाऱ्या शहरात नावांचा घोळ ओघानेच येतो. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी येते. कन्नड ‘मल्लप्पा’ एका कागदावर ‘मल्लाप्पा’ होतो, आणि तेवढ्या कान्यावर बँक अडून बसते. दुरुस्ती नोंद केलेल्या निबंधकाकडूनच होते.

डॉक्टर मृत्यूचे कारण नमुना 4 मध्ये लिहितात (दवाखान्याबाहेरील मृत्यूसाठी 4-अ). दाखल्यावर ते छापत नाहीत. शेतजमिनीसाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) दाखल्यावरून फक्त मृत्यूची तारीख घेतो. वारसांची नावे चौकशी करून गाव नमुना 6-क (वारस नोंदवही) मध्ये चढतात.